साइट स्लो आहे की रेंज नाही? स्लो क्वेरी आणि तात्पुरते व्ह्यू, सोप्या भाषेत

साइट उघडायला वेळ लागला की कोकणात पहिला दोष रेंजला जातो, आणि ते साहजिकच आहे, अजूनही कितीतरी वाड्यांमध्ये फोन पडवीच्या ठराविक कोपऱ्यातच लागतो. पण एप्रिल-मेमध्ये हापूसच्या ऑर्डरी जोरात असताना "उद्याच्या गाडीत कुणाच्या पेट्या जाणार" ही यादी उघडायला पंधरा सेकंद लागतात आणि त्याच फोनवर त्याच वेळी व्हिडिओ मात्र न अडखळता चालतो, तेव्हा गडबड रेंजची नसते. ती सर्व्हरमध्ये असते, आणि बहुतेक वेळा सर्व्हरच्या आत डेटाबेसमध्ये, म्हणजे साइटची सगळी माहिती जिथे साठवलेली असते तिथे.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक म्हणजे ज्यांनी आपल्या बागेसाठी, तारकर्लीच्या होमस्टेसाठी, बोटीच्या बुकिंगसाठी कुणाकडून तरी सॉफ्टवेअर करून घेतलंय आणि ते ऐन गर्दीत का रखडतं ते ज्यांना कळत नाही. दुसरे म्हणजे कुडाळ, चिपळूण, रत्नागिरीत बसून असं सॉफ्टवेअर बनवणारी पोरंपोरी. आपला सीझन मोजक्या आठवड्यांचा, त्यात चार दिवस साइट रखडली तर गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षीच परत येणार, आलं तर. म्हणून मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो.

## आधी रेंज की सर्व्हर ते ठरवा

लॅपटॉपवर क्रोम उघडून एफ१२ दाबायचं, नेटवर्क नावाच्या टॅबवर जायचं आणि पेज रिफ्रेश करायचं. कुठल्या गोष्टीला किती वेळ लागला त्याच्या पट्ट्या दिसतात. पट्टीवर क्लिक करून टायमिंगमध्ये दोन आकडे बघा, एक सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ, दुसरा ते उत्तर डाउनलोड होण्यात गेलेला. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर सर्व्हर काहीतरी शोधत बसलाय. दुसरा मोठा असेल तर रेंज, नाहीतर जड फोटो. लॅपटॉप हाताशी नसेल तर पुण्यातल्या भाच्याला तेच पेज उघडायला सांगा, त्यालाही तेवढाच वेळ लागला तर रेंजचा विषय संपला.

## क्वेरी म्हणजे काय, आणि ती बरोबर असून स्लो कशी?

सॉफ्टवेअर माहिती टेबलांमध्ये ठेवतं. ग्राहकांचं एक टेबल, ऑर्डरींचं एक, पेट्यांचं एक, आलेल्या पैशांचं एक. या टेबलांना विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. ती एसक्यूएल नावाच्या भाषेत लिहितात, आणि या भाषेची खासियत अशी की तिच्यात काय हवंय तेवढंच सांगायचं असतं, कसं शोधायचं ते नाही. ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली: माहिती डिस्कवर कुठे कशी पडलीय याची काळजी विचारणाऱ्याने करू नये.

मग ती काळजी करतं कोण? डेटाबेसमधला एक भाग, ज्याला प्लॅनर म्हणतात. १९७९ मध्ये आयबीएमच्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक वाटेचा अंदाजे खर्च काढून स्वस्तातली वाट निवडायची पद्धत मांडली आणि आजचे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल यांसारखे डेटाबेस साधारण त्याच पद्धतीने चालतात. इथे "अंदाजे" हा शब्द लक्षात ठेवा. क्वेरीचं उत्तर शंभर टक्के बरोबर असू शकतं आणि तरी प्लॅनरचा अंदाज चुकल्यामुळे किंवा त्याच्यासमोर चांगली वाटच नसल्यामुळे तिला पंधरा सेकंद लागू शकतात. फेब्रुवारीत टेबलात थोड्या ओळी असतात तेव्हा वाईट वाटही झटकन संपते, मेमध्ये तीच वाट नडते.

## मांगरातल्या पेट्या

समजा मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, दोन हजार पेट्या रचल्यात आणि तुम्ही गड्याला सांगितलंत, पुण्याला जाणाऱ्या, पैसे पूर्ण आलेल्या पेट्या काढ. पेट्या तोडणी होत गेली तशा रचल्या असतील तर त्याला एकेक चिठ्ठी वाचत दोन हजार पेट्यांवरून जावं लागणार. डेटाबेसही असंच करतो, सगळं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, याला फुल स्कॅन म्हणतात. आता दारापाशी एक वही ठेवलीत, गावाच्या नावाप्रमाणे, आणि प्रत्येक नावापुढे पेटी कुठल्या रांगेत ते लिहिलेलं, तर गडी वही बघून नेमक्या तेवढ्याच पेट्यांपाशी जाईल. ही वही म्हणजे इंडेक्स. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट या दोघांनी बोइंग कंपनीत असताना बी-ट्री नावाची रचना काढली, त्यांचा पेपर १९७२ मध्ये आला, आणि आजही बहुतेक इंडेक्स त्याच रचनेचे असतात. दहा लाख ओळींतून एक ओळ शोधायला तीन-चार पायऱ्या पुरतात.

आता व्ह्यू. त्याच गड्याला तुम्ही सांगून ठेवलंत की "पुण्याचा तयार माल" म्हटलं की त्याचा अर्थ पत्ता पुण्याचा, पैसे पूर्ण, पेटी अजून गाडीत चढलेली नाही. तुमचं बोलणं सोपं झालं, रोज तीन अटी सांगायला नकोत, पण गड्याची मेहनत होती तेवढीच राहिली. व्ह्यू म्हणजे लांबलचक क्वेरीला दिलेलं नाव, त्यात माल साठवलेला नसतो. व्ह्यूला विचारलं की प्रत्येक वेळी मूळ टेबलं नव्याने वाचली जातात. रोज कोड लिहिणाऱ्या माणसांचाही इथे घोळ होतो, व्ह्यू केला म्हणजे आता फास्ट होईल असं वाटतं, आणि मग तसं झालं नाही की व्ह्यूलाच नाव ठेवतात.

तात्पुरता व्ह्यू म्हणजे हेच नाव, पण एका सेशनपुरतं. सेशन म्हणजे तुमचा प्रोग्राम डेटाबेसशी जोडला गेल्यापासून तुटेपर्यंतचा काळ. जोडणी तुटली की व्ह्यू आपोआप गेला, आणि तो असतानाही दुसऱ्या कुणाला दिसत नाही. पोस्टग्रेसमध्ये "क्रिएट टेम्प व्ह्यू" असं लिहून तो बनतो, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्येही तसाच.

## नेमकी कुठली क्वेरी रखडतेय?

अंदाजाने कोड बदलायला बसू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. डेटाबेस स्वतः सांगतो कोण रखडतंय, फक्त त्याला विचारायची सोय चालू करावी लागते. पोस्टग्रेसमध्ये लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट नावाची सेटिंग आहे, ती मुळात बंद असते. तिला पाचशे मिलिसेकंद दिलं की त्याहून जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या नोंदवहीत, उतरते. मायएसक्यूएलमध्ये स्लो क्वेरी लॉग असतो, तोही मुळात बंद, आणि चालू केला तरी त्याची मर्यादा दहा सेकंदांची असते, म्हणजे नऊ सेकंदांची क्वेरी त्यात येणारच नाही, ती मर्यादा खाली आणा.

फक्त एका खेपेचा वेळ बघूनही भागत नाही. एखादी क्वेरी दिवसातून दोनदा दहा सेकंद घेते, तिचे झाले वीस सेकंद. दुसरी फक्त चाळीस मिलिसेकंदांची, पण दिवसात पन्नास हजार वेळा चालते, तिचे झाले दोन हजार सेकंद. सर्व्हरला दमवणारी दुसरी आहे आणि स्लो लॉगमध्ये ती कधीच दिसणार नाही. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट स्टेटमेंट्स नावाचं एक्स्टेंशन असतं, ते प्रत्येक क्वेरीचा एकूण वेळ आणि एकूण खेपा मांडतं. अशा पन्नास हजार खेपा बहुतेक वेळा कोडमधल्या लूपमुळे होतात, आधी शंभर ऑर्डरी आणल्या आणि मग प्रत्येक ऑर्डरीसाठी ग्राहकाचं नाव वेगळं विचारलं, एकाच्या जागी एकशे एक क्वेरी. तिथे व्ह्यू नको, इंडेक्स नको, कोड सुधारायचा.

## प्लॅन वाचायला शिका, बाकी सगळं त्यावर आहे

क्वेरीच्या आधी "एक्स्प्लेन अॅनालाइझ" हे दोन शब्द लिहिले की डेटाबेस ती खरोखर चालवतो आणि प्लॅन, म्हणजे प्लॅनरने निवडलेली वाट, आणि तिच्या कुठल्या पायरीला किती वेळ गेला ते छापतो. खरोखर चालवतो हे विसरू नका. क्वेरी ओळी बदलणारी किंवा पुसणारी असेल तर ओळी खरंच पुसल्या जातील, म्हणून आधी बिगिन (इथून पुढचे बदल कच्चे धर) आणि शेवटी रोलबॅक (ते सगळे रद्द कर), या दोहोंमधल्या कामाला ट्रान्झॅक्शन म्हणतात. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.०.१८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे.

छापलेला प्लॅन पहिल्यांदा बघितला की घाबरायला होतं, पण वाचायचा असतो आतून बाहेर, सगळ्यात आत सरकलेली ओळ आधी घडते. प्रत्येक पायरीपुढे दोन आकडे शोधा: प्लॅनरला किती ओळी येतील असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात किती आल्या. बारा वाटल्या आणि आल्या नव्वद हजार, असं जिथे दिसेल तिथे थांबा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच सुरू झालेलं असतं, कारण बाराच ओळी आहेत असं समजून प्लॅनरने प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात एक फेरी मारायचं ठरवलं आणि प्रत्यक्षात नव्वद हजार फेऱ्या झाल्या. पोस्टग्रेसमध्ये आणखी एक गोष्ट फसवते, ती म्हणजे फेऱ्यांचा आकडा, ज्याला तिथे लूप्स म्हणतात. पायरीपुढे छापलेला वेळ एका फेरीचा सरासरी असतो. ०.२ मिलिसेकंद बघून नजर पुढे जाते, पण फेऱ्या नव्वद हजार असतील तर तेच अठरा सेकंद होतात.

अंदाज इतका चुकतो का, याचं आपल्याकडचंच उदाहरण घ्या. हापूसचं जीआय मानांकन २०१८ चं, ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी आहे, त्यामुळे ऑर्डरीच्या टेबलात जिल्हा आणि तालुका असे दोन कॉलम ठेवलेले असतात असं समजा. क्वेरीत लिहिलं, जिल्हा सिंधुदुर्ग आणि तालुका देवगड. समजा निम्म्या ऑर्डरी सिंधुदुर्गच्या आणि पाचातली एक देवगडची. आपल्याला माहितीय की देवगड सगळंच सिंधुदुर्गात येतं, म्हणजे उत्तर पाचातली एक. प्लॅनरला भूगोल येत नाही, तो दोन्ही अटी एकमेकींपासून सुट्या धरतो, निम्म्यातली पाचातली एक म्हणजे दहातली एक असा हिशोब करतो आणि अंदाज अर्ध्यावर येतो. अशा चार अटी एकत्र आल्या की अंदाज पार कोसळतो. पोस्टग्रेस १० मध्ये, २०१७ साली, "क्रिएट स्टॅटिस्टिक्स" ही कमांड आली, तिने हे दोन कॉलम एकमेकांना बांधलेले आहेत असं प्लॅनरला सांगता येतं. फार कमी लोक ती वापरतात.

## तात्पुरता व्ह्यू इथे कामाला येतो

आता ती गाडीची यादी घेऊ. तिच्यामागची क्वेरी साठ ओळींची, पाच टेबलं जोडलेली, मध्ये दोन उपक्वेरी, वर डिस्टिंक्ट, म्हणजे दुबार ओळी गाळून टाक. ती एकदम वाचून काही कळत नाही. मग ती तोडायची. पहिला तात्पुरता व्ह्यू फक्त कन्फर्म झालेल्या ऑर्डरींचा. दुसरा त्या पहिल्यावर, त्यात पैसे जोडायचे. तिसरा दुसऱ्यावर, त्यात पेट्या जोडायच्या. प्रत्येक पायरीवर ओळी किती झाल्या ते मोजायचं आणि आपल्याला किती अपेक्षित होत्या ते शेजारी लिहायचं.

आणि इथेच गंमत कळते. समजा एका ग्राहकाची एकच ऑर्डर, पेट्या सहा, पैसे दोन वेळा दिलेले, आधी अॅडव्हान्स आणि मग उरलेले. पहिल्या व्ह्यूत त्या ऑर्डरची एक ओळ. पैसे जोडले की दोन. पेट्या जोडल्या की बारा, कारण दोन पेमेंटांपैकी प्रत्येक ओळ सहा पेट्यांपैकी प्रत्येकीशी जोडली गेली. यादीत तर सहाच पेट्या दिसत होत्या, कारण वरच्या डिस्टिंक्टने उरलेल्या गाळल्या. म्हणजे डेटाबेस आधी दुप्पट ओळी तयार करत होता आणि मग सगळ्या एकमेकींशी ताडून अर्ध्या फेकत होता, सीझनभराच्या ऑर्डरींसाठी, प्रत्येक वेळी पेज उघडलं की. त्याहून गंभीर म्हणजे त्याच जोडणीवर कुणी पैशांची बेरीज केली तर प्रत्येक पेमेंट सहा वेळा मोजलं जाईल. स्लो क्वेरी शोधताना हिशोबातली चूक सापडते ती अशी, आणि माझ्या मते तुकडे पाडून बघण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

यावरचा उपाय सोपा आहे. यादीला पेमेंटच्या ओळी नकोच आहेत, पैसे पूर्ण आलेत का एवढंच हवंय. मग पेमेंटचं टेबल जोडायचं नाही, आधी प्रत्येक ऑर्डरची एकच बेरीज करून घ्यायची आणि ती ताडायची. डिस्टिंक्ट गेलं, जादा ओळी गेल्या.

तात्पुरत्या व्ह्यूचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. पोस्टग्रेस नाव शोधताना आधी सेशनच्या तात्पुरत्या जागेत बघतो. म्हणजे मूळ टेबलाचं नाव ऑर्डर असेल तर त्याच नावाचा तात्पुरता व्ह्यू बनवता येतो, ज्यात फक्त मेच्या पहिल्या आठवड्याच्या ओळी आहेत. मग साइटची साठ ओळींची क्वेरी एक अक्षर न बदलता त्या सेशनमध्ये चालवली की ती एका आठवड्यावरच चालते. वेळ ओळींच्या प्रमाणात वाढतोय की एकदम उडी मारतोय ते कळतं. क्वेरीत टेबलाच्या नावाआधी स्कीमाचं (टेबलांच्या गटाचं) नाव लिहिलेलं नसेल तरच हे जमतं, आणि काम झालं की तो व्ह्यू टाकून द्यायचा किंवा सेशन बंद करायचं, नाहीतर तासाभराने खऱ्या टेबलाकडे बघतोय असं वाटेल आणि समोर आठवडाच असेल.

एक सावधगिरी. व्ह्यूवर नुसतं मोजणी करून वेळ मोजू नका. मोजणीला ग्राहकाचं नाव-पत्ता लागत नाही, त्यामुळे लेफ्ट जॉइन लावलेलं (म्हणजे जुळणारी ओळ नसली तरी मूळ ओळ ठेवून जोडलेलं) एखादं टेबल पोस्टग्रेस कधीकधी वाचतच नाही आणि आकडा फसवा छान येतो. ओळींसाठी मोजणी, वेळेसाठी सगळे कॉलम मागून एक्स्प्लेन अॅनालाइझ. तसंच तुकड्यांचा प्लॅन आणि पूर्ण क्वेरीचा प्लॅन वेगळा असू शकतो, प्लॅनर व्ह्यूंच्या भिंती बहुतेक वेळा पाडून सगळं एकत्र बघतो, म्हणून शेवटी पूर्ण क्वेरी चालवून खात्री करायचीच.

## मग सरळ टेम्पररी टेबल का नको?

हा प्रश्न रास्त आहे. टेम्पररी टेबलात ओळी खरंच साठवल्या जातात, त्यामुळे दुसऱ्यांदा वाचताना ते फास्टही वाटतं. पण मूळ क्वेरी का स्लो आहे हे शोधताना ते उत्तरच बदलून टाकतं, कारण प्लॅनरसमोर आता वेगळंच टेबल आहे. बघायला व्ह्यू, आणि "ही मधली पायरी तयार मिळाली तर फरक पडेल का" हे आजमावायला टेबल, असं मी वाटून घेतो. पोस्टग्रेसमध्ये टेम्पररी टेबल भरल्यावर अॅनालाइझ (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी वेगळी कमांड) स्वतः चालवा, आपोआप आकडेवारी घेणारी यंत्रणा दुसऱ्याच्या सेशनमधल्या तात्पुरत्या टेबलांना हात लावू शकत नाही.

मायएसक्यूएलवाल्यांकडे तात्पुरते व्ह्यू नाहीतच. टेम्पररी टेबल आहे, पण ते एका क्वेरीत दोनदा वापरता येत नाही. तिथे आवृत्ती ८.० पासून आलेलं "विथ" वापरा, त्यात क्वेरीच्या डोक्यावरच तुकड्यांना नावं देता येतात. पोस्टग्रेसमध्येही विथ आहे, पण आवृत्ती १२ च्या आधी, म्हणजे २०१९ पर्यंत, विथचा तुकडा नेहमी वेगळा चालवून ठेवला जायचा, बाहेरची अट आत पोचायची नाही. जुन्या सर्व्हरवर विथ लावलं आणि क्वेरी आणखी स्लो झाली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवा.

## हे साइटच्या कोडमध्येच टाकलं तर?

नको. साइट प्रत्येक ग्राहकासाठी डेटाबेसशी नवी जोडणी करत नाही, काही जोडण्या उघड्या ठेवून त्या आलटून पालटून वापरते, याला कनेक्शन पूल म्हणतात. पीजीबाउन्सरसारखं पूलर (हा पूल सांभाळणारं सॉफ्टवेअर) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शननंतर जोडणी दुसऱ्याला देत असेल, तर पहिल्या क्वेरीत बनवलेला तात्पुरता व्ह्यू दुसऱ्या क्वेरीला सापडेलच असं नाही, ती दुसऱ्याच जोडणीवर जाऊ शकते. कधी "असं काही नाहीच" असा एरर, कधी "हे आधीच आहे" असा, आणि तोही गर्दीच्या वेळेलाच, एकटं बसून तपासलं तर कधीच नाही. शिवाय प्रत्येक तात्पुरत्या व्ह्यूची नोंद पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅटलॉग टेबलांत (कुठली टेबलं, कुठले व्ह्यू आहेत याच्या यादीत) होते आणि नंतर पुसली जाते, दिवसात हजारो वेळा केलं तर ती टेबलं फुगत जातात. आणि वाचण्यापुरत्या ठेवलेल्या रेप्लिका (मूळ डेटाबेसची प्रत असलेल्या) सर्व्हरवर तर ते बनतच नाहीत. कोडमध्ये हवा असेल तर कायमचा व्ह्यू करा, नाहीतर विथ.

## "मोठा सर्व्हर घेतला की झालं ना?"

काही वेळा होतंही. मेमरी कमी असल्यामुळे डिस्कवरून वाचावं लागत असेल तर फरक पडतो. पण वरच्या यादीत डेटाबेस नको त्या ओळी तयार करत होता, दुप्पट भाड्याच्या सर्व्हरने ते फार तर निम्म्या वेळात केलं असतं आणि पुढच्या सीझनला ऑर्डरी दुप्पट झाल्या की पुन्हा जैसे थे. छोट्या बागायतदाराने दर महिन्याचं भाडं वाढवण्याआधी एक प्लॅन बघून घ्यायला सांगणं हे बनवणाऱ्याचं काम आहे.

"मग सगळ्याच कॉलमवर इंडेक्स लावू" हेही ऐकायला येतं. प्रत्येक नव्या ऑर्डरीला प्रत्येक वहीत नोंद करावी लागते, दहा वह्या असतील तर दहा नोंदी, आणि ऑर्डरी घेण्याचा वेग नेमका सीझनमध्येच मार खातो. लागतात त्या थोड्याच. पोस्टग्रेसमध्ये पेमेंटच्या टेबलातला ऑर्डर नंबर फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम, असला तरी त्यावर इंडेक्स आपोआप लागत नाही (मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत लागतो), तो तपासा. न पाठवलेल्या ऑर्डरींचाच वेगळा इंडेक्स करता येतो, त्याला पार्शियल इंडेक्स म्हणतात, टेबलात लाखो जुन्या ओळी असल्या तरी तो चिमुकला राहतो. आणि ऑर्डरच्या वेळेच्या कॉलमला तारखेच्या फंक्शनात गुंडाळून आजच्या तारखेशी ताडलंत तर त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स वापरला जात नाही. आजचा दिवस सुरू होतो त्या मध्यरात्रीपासून उद्याचा दिवस सुरू होतो त्या मध्यरात्रीच्या आतपर्यंत अशी अट लिहा, वापरला जातो.

## "माझ्या लॅपटॉपवर तर लगेच येतं"

येणारच, तिथे पन्नास ऑर्डरी आहेत. पन्नास ओळींच्या टेबलावर प्लॅनर इंडेक्स असूनही सगळं टेबल वाचतो आणि ते बरोबरच आहे, म्हणून तिथला प्लॅन बघून सर्व्हरबद्दल काही ठरवता येत नाही. ग्राहकांचे खरे फोन आणि पत्ते लॅपटॉपवर उतरवूही नका. पोस्टग्रेसच्या जनरेट सिरीजने पाच लाख खोट्या ओळी काही मिनिटांत बनतात, त्यात प्रमाण खऱ्यासारखं ठेवा, किती टक्के देवगड, किती टक्के न पाठवलेल्या. आणि एकच क्वेरी लागोपाठ काही वेळा चालवा, पहिल्या खेपेला डिस्कवरून वाचलेलं दुसऱ्या खेपेला मेमरीत असतं, पहिला आणि नंतरचा आकडा दोन्ही खरे आहेत पण ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

## उत्तर साठवून ठेवायचंच असेल तर

मालकाला सीझनचा एकूण हिशोब दिसणारं पेज असतं, कुठल्या शहरात किती पेट्या, किती पैसे बाकी. ते मिनिटामिनिटाला ताजं असण्याची गरज नसते. तिथे मटेरियलाइज्ड व्ह्यू वापरा, यात मात्र उत्तर खरंच साठवलेलं असतं आणि आपण रिफ्रेश म्हणू तेव्हाच बदलतं. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.३ या आवृत्तीत, २०१३ साली आली. साधा रिफ्रेश चालू असताना वाचणारे अडकून राहतात, पुढच्याच वर्षी ९.४ मध्ये न अडवता रिफ्रेश करायची सोय आली, त्यासाठी त्या व्ह्यूवर युनिक इंडेक्स (एकच नोंद दोनदा येऊ न देणारा) असावा लागतो. पेजवर "सकाळी सहापर्यंतचा हिशोब" असं मोठ्या अक्षरात लिहा. गाडी भरायच्या यादीला हा उपाय अजिबात वापरू नका, तासापूर्वीच्या यादीवर पेट्या चढवल्या तर एखाद्याची पेटी दोनदा जाईल आणि एखाद्याची राहील.

## सीझन चालू असताना दुरुस्ती करायची तर

मालकांनी बनवणाऱ्याला फोन करताना "साइट स्लो आहे" एवढंच सांगू नका. कुठलं पेज, किती वाजता, कुठला फिल्टर लावला होता, तेवढं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. त्यावरून लॉगमधली नेमकी क्वेरी मिनिटात सापडते, आणि त्याशिवाय अख्खा दिवस जातो.

बनवणाऱ्यांनो, इंडेक्स हवा असं नक्की झालं तरी चालू साइटवर साधा क्रिएट इंडेक्स मारू नका, तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात नवी ऑर्डर लिहिली जात नाही, वाचणं तेवढं चालू राहतं. पोस्टग्रेसमध्ये कन्करंटली हा शब्द जोडा. मग वेळ जास्त लागतो पण ऑर्डरी थांबत नाहीत. हा प्रकार ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे तुमचं मायग्रेशनचं टूल (डेटाबेसच्या रचनेतले बदल लागू करणारं) आपोआप ट्रान्झॅक्शन लावत असेल तर तेवढ्यापुरतं ते बंद करावं लागतं. आणि तो मध्येच फसला, वीज गेली, जोडणी तुटली, तर अर्धवट इंडेक्स इनव्हॅलिड म्हणून मागे राहतो, क्वेरीला त्याचा उपयोग शून्य पण नव्या ओळींची नोंद त्यात होत राहू शकते. काम झाल्यावर टेबलाची माहिती उघडून तसा शिक्का दिसतोय का बघा, दिसला तर तो इंडेक्स ड्रॉप करून रात्री गर्दी ओसरल्यावर पुन्हा लावा.